खटला मागे घ्यायचं कारण

बांधकामावरची मोडकी शिडी कोसळून वेल्डरचा पाय कायमचा अधू झाला होता. आज सरकारी वकिलानं कंत्राटदारावरचा खटलाच मागे घ्यायचा अर्ज दिला, तेव्हा वेल्डरची बायको कोर्टात दिराशेजारी बसली होती.

"चला वहिनी," दीर कुजबुजला. "सरकारनंच हात वर केले, आता कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"गप बसा भावोजी. जजबाई अजून अर्ज वाचतायत."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, कारण काय?"

"वरून तसं कळवलंय."

"वर तर पंखा आहे. तुमचं स्वतःचं मत सांगा. पुरावा कमी पडतोय?"

वकील घुटमळला. "नाही. पुरावा भक्कम आहे."

"मग खटला सोडायला कायद्यानं माझी परवानगी लागते, आणि ती मी देत नाही. साक्षीदार बोलवा."

वकिलानं घाम पुसला. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा तो मोकळा दिसत होता. "ताई, या पुढे. नवऱ्याला डबा द्यायला गेलात तेव्हा शिडीबद्दल कंत्राटदाराला काय म्हणालात, ते मोठ्यानं सांगा."

ती पिंजऱ्यात उभी राहिली. "शिडी मोडकी आहे, बदला, असं मी त्यांना अपघाताआधीच बजावलं होतं," ती अशी खणखणीत बोलली, की दाराबाहेरचा शिपाईही आत डोकावला.