प्रेमरसावरचा फेस

आमच्या एनुगू शहरात जादूचे जे सिनेमे निघतात, त्यांतले बरेचसे रस माझ्या स्वयंपाकघरात शिजतात. अमर करणारा रस हिरवागार, वासाला लवंग, चवीला पेरूचं सरबत. अदृश्य करणारा म्हणजे नारळपाणी. खरं बोलायला लावणारा लाल अंबाडीच्या फुलांचा, रक्तासारखा, आल्याने घसा जाळणारा. तो पिऊन आजवर एकही नट खरं बोललेला नाही.

या सिनेमात मात्र मी राणी होणार होते. दिग्दर्शक इझू, आमचे ओगा, म्हणजे साहेब, यांनी शब्द दिला होता, झगाही माझ्या मापाचा शिवला होता. एक प्रसंग, एक वाक्य. तेवढ्यात नायक ओन्वुका सगळ्यांसमोर म्हणाला, "ही राणी? हिला बघून राजा जेवायला मागेल. प्रेम कसलं करतोय!"

सगळे हसले. मीही हसले आणि घरी जाताना कडूपाला घेतला.

राणीचं काम त्याच्या मैत्रिणीला, अदान्नाला मिळालं. झग्याला मागून पिनाच पिना.

कडूपाला आमच्याकडे फेस जाईपर्यंत चोळून धुतात, मगच तो रश्शात पडतो. मी पाला टाकून दिला आणि या सिनेमातल्या प्रेमरसासाठी फेसाळ पाणी ठेवलं. हळदीने सोनेरी केलं, वरून पिकल्या केळ्याचा अर्क. दिसायला पहाट, वासाला लग्नघर, चवीला ओन्वुका. रोज आरशासमोर पेलाभर प्यायचे, हसत. आधी जीभ बधिर झाली. मग हळूहळू कळलं, मला खळी पडते.

चित्रीकरणाच्या दिवशी आधी नुसत्या रसाचं जवळून चित्रण झालं. ओगा खूश. "ओबी, काय फेस गं! शेवटपर्यंत हाच दिसला पाहिजे."

"दिसेल, ओगा."

प्रसंग लग्नाचा. आमच्याकडे नवरी पेल्यातला घोट आधी स्वतः घेते, मग गुडघे टेकून नवऱ्याला देते. अदान्नाने घोट घेतला. तो थेट राजाच्या अंगरख्यावर आला.

"विष आहे हे!"

"प्रेमाचं आहे," मी म्हणाले. "जरा कडू असतं."

ओन्वुका कुरकुरला, "ओगा, साधं सरबत द्या ना."

"आणि फेस कुठून आणू? तुझ्या तोंडातून? नुसता रस टिपलाय आपण, आता बदलता येत नाही."

दुसऱ्या घोटानंतर अदान्ना झगा फेकून गाडीत जाऊन बसली. काचा वर.

ओगांनी कपाळाला हात लावला. "हा रस हसत पिणारी एक तरी बाई आहे का इथे?"

मी हात वर केला. झग्याला एकही पिन लागली नाही.

घोट घेतला, खळी पाडली, गुडघे टेकून पेला पुढे केला. ओन्वुका प्यायला. डोळ्यांतून धारा, मानेची शीर ताठ. ओगा ओरडत होते, "प्रेम दिसू दे! अजून प्रेम! तळ दिसेपर्यंत!"

तळ दिसला. आता माझं वाक्य होतं, "आजपासून तुम्ही माझे, महाराज."

मी विसरले.

"माफ करा, ओगा."

"होतं गं, पहिलीच वेळ आहे. पुन्हा!"

पुन्हा विसरले. मग नुसतं "आजपासून" आठवलं.

ओन्वुका माझ्या कानाशी वाकला. श्वासाला केळ्याचा छान वास येत होता. "ओबीताई, पाया पडतो. आठव."

"येतंय, येतंय," मी पेला काठोकाठ भरत म्हणाले.