साहेबांचे पिवळे ठसे

मी झारी बोलतेय. पत्र्याची, दोन कानांची. लिंबे शहराच्या बाजारात एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून आकार दिला आणि तोटीला डाग देताना म्हणाला, "ही तुझ्यापेक्षा जास्त जगेल." ज्याला म्हणाला तो बवानाली, झोंबा गावातल्या एका मोठ्या बंगल्याचा माळी. पुढची अकरा वर्षं मी त्याच्या हातात होते.

बंगला नांखुम्वा पतिपत्नींचा. बाईंना बागेचं भारी वेड, म्हणजे बागेबद्दल बोलण्याचं. डेलिया फुलली की पाहुण्यांना सांगायच्या, "माझी डेलिया बघा." माकडांनी तीच उपटली की ओरडायच्या, "बवानाली, तुझी डेलिया गेली!" बवानाली हसायचा. सकाळी पहिलं फूल उमललेलं त्यालाच दिसायचं, बाई तेव्हा झोपलेल्या असत. तेवढं त्याला पुरे होतं. मला नव्हतं.

साहेब बागेत फिरकत नसत. पण फुलांच्या मंडळातल्या बायका बाग बघायला यायच्या होत्या. त्याआधीच्या दुसऱ्या रविवारी, बवानालीच्या सुट्टीच्या दिवशी, साहेबांना हुरूप आला. फाटकापाशी विटांच्या फटीत उगवलेलं गवत त्यांच्या डोळ्यांत खुपलं. त्यांनी तणनाशकाची बाटली माझ्यात उपडी केली. माप? ते अडाण्यांनी घ्यायचं! अर्धं विटांवर, अर्धं स्वतःच्या बुटांवर ओतलं. मग ओल्या बुटांनी हिरवळ तुडवत मला खोपटात ठेवून गेले. विसळलंसुद्धा नाही.

सोमवारी पहाटे बवानालीने माझ्यात पाणी भरलं आणि झिनियाच्या वाफ्यांवर शिंपडलं. पोटातलं विष मी माझ्याच तोटीने त्या कोवळ्या रोपांना पाजलं. मला ओरडता येत नाही.

शुक्रवारपर्यंत वाफे करपले. बवानालीने मला उचलून हुंगलं.

"बाई, हिला औषधाचा वास येतोय. मी रोपांना औषध घालत नाही."

साहेब व्हरांड्यातल्या खुर्चीतून म्हणाले, "म्हणजे चुकून घातलंस. बाटलीवरचं तुला वाचता येतं का?"

"वाचता येत नाही, साहेब. नाक आहे."

"उलट बोलतो!" बाई कडाडल्या. "सोमवारपासून येऊ नकोस."

साहेबांनी खाली मान घालून चहात साखर ढवळली. त्यात साखर कधीच विरघळली होती. अकरा वर्षं राबलेला माणूस फाटकाबाहेर गेला आणि हे महाशय चमचा फिरवत बसले.

पण विषाला साहेब आणि माळी असा भेद कळत नाही. मंगळवारी सकाळी बाई व्हरांड्यात आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. हिरव्यागार हिरवळीवर पिवळे, वाळलेले पाय उमटले होते. फाटकापासून खोपटापर्यंत, आणि खोपटापासून थेट साहेबांच्या खुर्चीसमोरच्या पायरीपर्यंत.

"चोर आला होता वाटतं," साहेब म्हणाले.

बाईंनी साहेबांच्या पायातला बूट काढला आणि पहिल्या ठशावर ठेवला. तंतोतंत बसला. बवानाली तर बागेत अनवाणी वावरायचा.

दुपारी स्वयंपाक्याला पाठवून बवानालीला बोलावलं. "चूक झाली" हे दोन शब्द बाईंच्या तोंडून निघेनात. त्यांनी केकचा मोठा तुकडा पुढे केला. या लोकांच्या घशाखाली माफी उतरत नाही, म्हणून ती दुसऱ्याला गोड करून खाऊ घालतात.

बवानालीने केक खाल्ला. हात पुसले.

"आता हे ठसे खणून काढ," बाई म्हणाल्या. "नवीन हिरवळ लाव. बायका शनिवारी यायच्या आहेत."

"वाफे माझे, बाई, ते मी आजच नव्याने लावतो. पण पाय साहेबांचे आहेत."

बवानालीने आवाज चढवला नव्हता, पण तो जागचा हललाही नाही. शेवटी बाई नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत ना? फावडं खोपटात आहे."

साहेबांनी इस्त्रीची विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. सव्वीस ठसे होते. बवानाली पायरीवर बसून सांगत होता, "अजून खोल, साहेब. मुळं राहिली तर ठसा पुन्हा दिसेल." नेमक्या तेव्हाच मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षीणबाई सहज डोकावल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "वा! नवीन माळी ठेवलात?" बवानाली इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं, हे मी जाणते.

शनिवारी बाग वाखाणली गेली. "माझी बाग," बाई म्हणाल्या. आणि रविवारी साहेबांनी हुकूम सोडला, "ती विषारी झारी फेकून द्या." विष ओतणारा खुर्चीत, झारी उकिरड्यावर. मला नवल वाटलं नाही.

बवानालीने मला घरी आणलं. त्याची बायको असियातू माझ्यातून भिंती लिंपायला पाणी नेते. रोपांना पाणी घालायला मात्र तो कुणालाच मला हात लावू देत नाही. माझ्या पोटावर त्याचाही विश्वास उरलेला नाही, आणि तेच बरोबर आहे. तुम्हीही जी भांडी वापराल, ती निदान धुऊन ठेवा.

परवा शेजारीण आली. "असियातूताई, झारी देता का? कांद्याच्या रोपांना पाणी घालायचंय."

"रोपांना नको गं ती," असियातू म्हणाली.

"का? गळते का?"

"गळत नाही. मोठ्या घरात राहिलीय."