अवस ते अवस

माहितीपत्रकात त्या जागेला ‘वर्षावनातले बेट’ म्हटले होते. बेट हे खरे होते. धरणाच्या फुगवट्यात बुडता बुडता उरलेली ती टेकडी. मोखाड्याहून जीपने पाऊण तास, पुढे नावेने बारा मिनिटे. वर्षावन मात्र खरे नव्हते. २००३ च्या त्या एप्रिलात तिथले निम्मे साग निष्पर्ण उभे होते. तरीही मान्य करायला हवे, की गवती चहाच्या पाण्यात भिजवलेला गार रुमाल, कुटीमागचे उघड्या आभाळाखालचे न्हाणीघर आणि पाण्यावरून येणारा वारा यांनी तासाभरातच माझा काटेकोरपणा बराच सैल केला.

दुपारी जेवून आडवी झाले, तेव्हा उशीवर पीठ पडले. बारीक, फिकट पिवळे. छताच्या बांबूतून.

मला बोलावले होते ते याच पिठासाठी. लाकूड पोखरणाऱ्या कीटकांवर मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. बालपण जव्हारला गेल्यामुळे या भागातले काम निघाले की ते माझ्याकडे येते. रिसॉर्टच्या सात कुट्या बांबूच्या होत्या. होळीच्या सुट्टीत उद्घाटन झाले आणि महिन्याच्या आत त्यांपैकी पाच कुट्यांना भुंगेरे लागले. दोन कुट्या निर्दोष राहिल्या.

“दारावर पाटी आहे, मॅडम, ‘रसायनमुक्त’,” व्यवस्थापक धर्मेंद्र म्हणाले. “फवारा मारला तर पाटी काढावी लागेल. नाही मारला तर छप्पर.”

दिवाळीनंतर आणखी बारा कुट्या उभ्या राहायच्या होत्या. पहिल्या सात काठापलीकडच्या पोशेरा गावातल्या नवसूने आपल्या पाड्यावरची माणसे घेऊन बांधल्या होत्या. दोष त्याच्या बांबूचा ठरला, तर पुढचे काम प्रक्रिया केलेला तयार बांबू विकणाऱ्या कारखान्याकडे जाणार होते आणि ती पस्तीस माणसे, दरवर्षीप्रमाणे, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. दोष कोणाचा, हे माझ्या अहवालावरून ठरणार होते.

नवसू पन्नाशीचा, काटक. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, “चूक माझीच हाय, बाय.”

“ऐकलंत ना?” धर्मेंद्र म्हणाले. “लिहून घ्या.”

“कसली चूक, नवसूदादा?”

“बांबू उजेडात काढला.”

चौकशीतून हाती आले ते असे. बांबू अवसेच्या अंधाऱ्या दिवसांत तोडायचा, नदीच्या डोहात बुडवायचा आणि पुढच्या अवसेलाच बाहेर काढायचा, अशी पाड्याची रीत. पहिल्या दोन कुट्यांचा बांबू असाच काढलेला. बाकीच्या पाच कुट्यांचा बांबूही अवसेलाच तोडला होता. पण तो पाण्यात असतानाच, होळीच्या आधीच्या पुनवेला, टेम्पो आला आणि नवसूने तो भरून दिला. चांदण्यात काढलेल्या बांबूला भुंगा लागणारच, असे त्याचे म्हणणे. भुंगा दिसल्यापासून तो अपराध्यासारखा वावरत होता.

चंद्राच्या कलांचा भुंगेऱ्यांशी संबंध दाखवणारा विश्वासार्ह पुरावा माझ्या पाहण्यात नाही. भुंगेरे येतात ते बांबूतल्या पिष्टासाठी, आणि पिष्ट असेल तिथे आयोडीनचा तांबूस थेंब काळानिळा होतो. बांबू पुरेसा काळ बुडवून ठेवला, की हे पिष्ट पाण्यात निघून जाते. मी सातही कुट्यांतून ढलप्या काढल्या. पाच काळ्या पडल्या. दोन तांबूसच राहिल्या.

“म्हणजे चांदच,” नवसू म्हणाला.

“म्हणजे मुदत. पाच कुट्यांचा बांबू पंधराच दिवस पाण्यात होता.”

“मंग चांद नाय, ते कशावरून?”

प्रश्न बिनतोड होता. पंधरा दिवस कमी पडले होते आणि उजेडी पंधरवडाही आडवा आला होता. दोन गोष्टी एकदम बदलल्या, की त्यांतली कोणतीही एकटी सिद्ध होत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. इथे ते मला नवसूने शिकवले.

नवसूची बायको हिराबाई कुटीच्या ओसरीवर चटई विणत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “टेम्पोत मावली नाय ती मोळी अजून डोहात कुजतेय. ती इसरला काय?”

“ती आता नाय काढायची. पाडवा होऊन आठ दिस झालं. उजेड हाय.”

“तुजा चांद येतो काय डोहात बुडी मारायला?”

एवढा नेमका प्रयोग मला स्वतःला आखता आला नसता. त्याच दिवशी तोडलेला तोच बांबू. पाण्यात दोन महिन्यांहून अधिक काळ. आणि बाहेर काढायचा तो ऐन उजेड्या पंधरवड्यात. आम्ही चौघे नावेने काठाला लागलो आणि जीपने पोशेऱ्याच्या डोहावर गेलो. नवसू दहा हात लांब, पाठ करून उभा राहिला. हिराबाईने लुगडे खोचले, गुडघाभर पाण्यात उतरली आणि दोर धरून मोळी ओढली. कुजका, आंबूस वास आला. मी एक बांबू कोयत्याने उभा चिरला आणि थेंब टाकला.

नियमाने दोन मिनिटे थांबायचे असते. मी चार थांबले. डाग तांबूसच राहिला. आणखी पाच बांबू चिरले. तेच.

“नवसूदादा, चंद्र निर्दोष आहे. तुम्हीही.”

तो वळला. जवळ येऊन त्याने डाग पाहिला. “मंग आमी अवस पाळायची कशाला?”

“दिवस मोजायला,” मी म्हणाले. डोहावर कॅलेंडर नसते. अवस कुणी विसरत नाही, ती पुढे-मागे सरकवता येत नाही, तिच्याशी घासाघीस चालत नाही. महिनाभर धीर धरण्याचे ते सर्वांना दिसणारे मोजमाप होते. पुण्यात बसून मी ‘प्रथा निराधार’ एवढे दोन शब्द लिहिले असते, आणि पुढच्या खेपेला कुणीतरी बांबू आठवड्यात बाहेर काढला असता. खुळचटपणाबरोबर घड्याळही फेकून देण्यापासून हिराबाईच्या एका टोमण्याने मला वाचवले.

“पुनवेला टेम्पो कोणी पाठवला होता?” मी विचारले.

धर्मेंद्रांनी चष्मा काढून पुसला. “मी. उद्घाटनाची तारीख मालकांनी ठरवली होती. नवसू नको म्हणत होता, हेही लिहा.”

ते त्यांनी न विचारता सांगितले, याची मी आदराने नोंद केली.

अहवाल मी बेटावरच लिहिला. शिफारशींत ‘बांबू किमान तीस दिवस पाण्यात बुडवावा’ असे लिहून नवसूला वाचून दाखवले.

“तीस मोजनार कोन?” तो म्हणाला.

मी ओळ खोडली आणि लिहिले: ‘अवस ते अवस.’ माझ्या तांत्रिक लिखाणात चंद्र आला तो तेवढाच. व्यावसायिक अहवालात ऋणनिर्देश नसतो. मी तोही जोडला. पहिले नाव हिराबाईंचे, दुसरे नवसूंचे, तिसरे धर्मेंद्रांचे.

बारा कुट्यांचे काम पोशेऱ्याकडेच राहिले. त्या वर्षी पाड्यावरचे कुणी भट्टीवर गेले नाही. पुढच्या एप्रिलात रिसॉर्टने मला पाहुणी म्हणून बोलावले आणि नव्या कुटीत उतरवले. सवयीने मी छताची एक ढलपी काढली, पण आयोडीनची बाटली पिशवीतच ठेवली. दुपारी दोन तास गाढ झोपले. उठून उशीवरून तळहात फिरवला. हाताला काहीच लागले नाही. बाहेर हिराबाई कुणावर तरी खेकसत होती. मी चहा घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसले.