चंदाच्या बाळाचा डब्बा

मयुरीला संगणकावरच्या परीक्षेत शंभरापैकी सत्त्याण्णव मिळाले होते, आणि हे तिनं महिनाभरात भेटेल त्याला सांगून झालं होतं. चंद्रपूरच्या प्रशिक्षणात पडद्यावर खोटी बाळं यायची, उघड्या छातीची, शहाण्यासारखी पडून राहणारी. चाळिसांतली एकोणचाळीस तिनं वाचवली होती. आता चामोर्शीजवळच्या आरोग्य उपकेंद्रात ती नवी आरोग्य अधिकारी म्हणून टॅबलेट घेऊन बसली होती. बाहेर बावीस बाया कलकलाट करत होत्या आणि सांगलीहून आलेल्या ह्या मुलीला एक क्षण चैन पडत नव्हतं.

साडेदहाला चंदा आली. तलावावर मासे धरणाऱ्या घरातली सून. मांडीवर पाच महिन्यांचा सोनू, दुपट्यात गच्च गुंडाळलेला, अंगात ताप. टॅबलेटवरचे प्रश्न मयुरी मोठ्यानं वाचू लागली.

"खोकला आहे?"

"नाई."

"दम लागतो?"

"दम त माह्या सासऱ्याले हाये बाई. याले डब्बा हाये."

मयुरीच्या कपाळावर आठी चढली. म्हणजे पावडरचं दूध! "डब्बा आजपासून बंद," ती ठणकावून म्हणाली. "एवढ्या लहान बाळाला अंगावरचंच पाजायचं."

दम नाही म्हटल्यावर टॅबलेटनं श्वास मोजायला सांगितलंच नाही. पडदा हिरवा झाला, तापाचं औषध द्या, दोन दिवसांनी बोलवा. चंदा औषधाची बाटली घेऊन गेली.

बाराच्या सुमारास गावची आशाताई बायनाबाई तरातरा आत आली. "बाई, चंदाले काऊन वापस धाडलं? रडत चालली थे. म्हणे, बाई डब्बा बंद कर म्हणते, मी कसा बंद करू?"

"अहो, पावडरचं दूध..."

"कायचं दूध! लेकराचं पोट भात्यावानी उडते, फासोळ्या आत जातात, त्याले आमी डब्बा म्हणतो. निमोनिया वो बाई! आता थे सोमाजी वैदूकडं गेली, पोटाले डाग द्याले."

रांग तशीच सोडून मयुरीनं बायनाबाईला स्कूटीवर मागं घेतलं. तलावाच्या पाळीवर शेळ्या आडव्या आल्या तेव्हा ती त्यांच्यावरच ओरडली.

सोमाजीच्या अंगणात विळा विस्तवात तापत होता. सोनूचं पोट उघडं होतं. मयुरीनं घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला अडुसष्ट. बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. हे बघायला सत्त्याण्णव गुण कशाला लागतात?

"चंदा, माझं चुकलं. चल, दवाखान्यात."

"आता समजला का तुमाले डब्बा?" चंदा म्हणाली, पण उठली.

तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लागला. सोनूच्या अंगठ्याला लावलेल्या यंत्रावर रक्तातला ऑक्सिजन चौऱ्याऐंशी होता, तो हळूहळू त्र्याण्णव झाला. डॉक्टर केसपेपर लिहिता लिहिता करवादले, "ह्या बाया लेकरू निळं पडेपर्यंत आणतच नाहीत."

चंदानं मान खाली घातली. ती काही बोलणार नाही, हे मयुरीला दिसत होतं. टॅबलेटमध्ये तर आईनं दम नाही म्हटल्याची नोंदही होती. गप्प बसलं असतं तर निभावून गेलं असतं, आणि तसा मोह तिला झालाही.

"ती साडेदहालाच आली होती, सर," मयुरी म्हणाली. "रोगाचं नावसुद्धा सांगितलं होतं तिनं. उशीर मी केला."

डॉक्टरांचं पेन थांबलं. चंदानं मान वर केली, मयुरीकडं नीट पाहिलं, आणि सोनूचा पाय न सोडता थोडी सरकून तिला खाटेवर बसायला जागा दिली.