गार्डाची पेटी न्यायालयात

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पेटी आहे आणि उशीर मला मुळीच खपत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी थोडी चिडलेली दिसेन. त्याला माझा इलाज नाही. माझी निम्मी हयात रेल्वेत गेली आणि उरलेली न्यायालयात. रेल्वेत मी मिनिटं मोजायला शिकले आणि न्यायालयात वर्षं.

माझा जन्म रेल्वेच्या कारखान्यातला. जाड पत्रा, चारी कोपऱ्यांना पट्ट्या, अंगावर काळा रंग आणि झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नाव : तुळशीराम मेश्राम, गार्ड, रायपूर. तुळशीराम मालगाडीचे गार्ड होते. त्यांचं सगळं सामान माझ्या पोटात असे. लाल-हिरवे झेंडे, कंदील, शिटी, नियमांचं पुस्तक, औषधांचा डबा आणि धुक्यात इंजिनवाल्याला इशारा म्हणून रुळावर ठेवायचे फटाके. रायपूर ते डोंगरगड, डोंगरगड ते गोंदिया, आणि परत. गाडी कोळशाची असो की तांदळाची, शेवटच्या डब्यात मी असायचीच. तुळशीराम मला दर रविवारी पुसत आणि कुलपाला तेल देत. ते घरी कोणाचं फारसं कौतुक करत नसत, पण माझं करत. 'पेटी दगा नाही देत,' म्हणत.

ते निवृत्त झाले आणि माझाही तळ गंजला म्हणून मला भंगारात काढलं. पंधरा दिवस मी रायपूरच्या गुढियारी भागात एका भंगारवाल्याकडे तुटक्या सायकलींखाली पडून होते. ते पंधरा दिवस मी कोणाला सांगत नाही. तुळशीराम मला शोधत तिथे आले, नवा तळ ठोकून घेतला आणि घरी नेलं. त्यांची मुलगी अपर्णा तेव्हा नुकतीच न्यायाधीश झाली होती. तिची कायद्याची पुस्तकं कशात न्यायची हा प्रश्न होता. तो मी सोडवला.

न्यायाधीशांचं आयुष्य म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. दोन-तीन वर्षं झाली की बिलासपूरच्या उच्च न्यायालयातून यादी निघते आणि ज्याचं नाव त्यात असेल त्याने गाशा गुंडाळायचा. त्यातून आमचं छत्तीसगड नवं राज्य. नवी न्यायालयं उघडत होती, न्यायाधीश कमी होते, आणि एक जागा भरली की दुसरी रिकामी होई. अंबिकापूर झालं, कवर्धा झालं, महासमुंद झालं. प्रत्येक गावी तुळशीराम माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला आगमन आणि प्रस्थान लिहीत, तारीख-वेळेसह. अपर्णाताई हसत. मला मात्र ते अगदी बरोबर वाटे.

नवं राज्य पाच-सहा वर्षांचं झालं तेव्हा आम्ही रायपूरला आलो. मला अपर्णाताईंच्या न्यायालयामागच्या खोलीत ठेवलं. मधलं दार दिवसभर उघडं असे, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. तिथेच मी मीराबाईंची हकीकत ऐकली.

मीराबाईंचा नवरा नत्थू गुढियारीच्या मालधक्क्यावर हमाल होता. तो गेला आणि तेराव्या दिवशी त्याच्या धाकट्या भावाने, शंकरने, मीराबाईंच्या खोलीला कुलूप ठोकलं. कुलपाआड त्यांचं शिलाई मशीन राहिलं. त्या मशीनवर त्या पंडरीच्या कापड दुकानांसाठी परकर शिवत. शंकरचं म्हणणं असं, की ही बाई नत्थूची बायकोच नाही. लग्न गावाकडे घरच्या घरी झालेलं, कागद कुठला असणार? मीराबाईंनी दावा लावला, त्याला नऊ वर्षं झाली होती. खरं सांगू का, मला त्या मशीनचं फार वाईट वाटे. कामाची वस्तू बंद खोलीत गंजत पडते तेव्हा तिला काय होतं ते मला ठाऊक आहे.

आता घोडं कुठे पेंड खातं ते ऐका. पहिल्या न्यायाधीशांनी मीराबाईंची अर्धी साक्ष घेतली आणि त्यांची बदली झाली. दुसऱ्यांनी उरलेली घेतली, त्यांचीही झाली. तिसऱ्यांपुढे दोन्ही वकिलांची भाषणं झाली आणि निकाल लिहायच्या आधीच यादी आली. साक्षी कागदावर असतात, त्या पुन्हा घ्याव्या लागत नाहीत. पण भाषणं नव्या न्यायाधीशांना स्वतःच्या कानांनी ऐकावी लागतात. म्हणजे ये रे माझ्या मागल्या. रेल्वेत असं नाही. डोंगरगडला गार्ड बदलला तर नवा गार्ड उभ्या गाडीत चढतो. गाडी परत गोंदियाला नेऊन पुन्हा आणत नाहीत.

अपर्णाताई चौथ्या. त्यांच्यापुढे भाषणं झाली तेव्हा शंकरच्या वकिलाने भरल्या न्यायालयात पुन्हा तेच सांगितलं, की ही बाई लग्नाची बायको नव्हे. मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. मीराबाई उभ्या राहिल्या.

"मॅडम, एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "हे मी दुसऱ्यांदा ऐकून राहिली. तुमची बदली झाली तर मले हे अजून एकदा ऐका लागन का?"

त्यांच्या वकिलाने त्यांना खाली बसवलं. अशा प्रश्नाचं उत्तर न्यायाधीशाला देता येत नाही. अपर्णाताईंनी निकालासाठी महिनाअखेरची तारीख लिहिली.

आठ दिवसांत यादी आली. अपर्णा मेश्राम, जगदलपूर. कारभार पुढच्या बुधवारी सोडायचा. आमचा शिपाई हरिदास बातमी घेऊन आत आला. हा गोंदियाकडचा, बोलायला मोकळा.

"मॅडम, पुस्तकं बांधू का? आता नवीन साहेब येतीन, ते पाहतीन सगळं," तो म्हणाला. "बदली झाल्यावर निकाल कोण लिहिते?"

"पुस्तकं बांध," ताई म्हणाल्या. "आणि मीराबाईंची फाईल वर ठेव. निकालाची तारीख अलीकडे घेते. सोमवारी दुपारी दोन वाजता. दोन्ही बाजूंना आज कळव."

अशा रीतीने शुक्रवारी मी फाईल पोटात घेऊन तेलीबांध्याजवळच्या सरकारी घरी गेले. शनिवारी सकाळी ट्रक आला. तो आधीच ठरलेला होता. खाट, टेबल, खुर्च्या सगळं जगदलपूरला निघून गेलं. राहिली एक सतरंजी, दोन ताटं, तुळशीराम आणि मी. अपर्णाताई सतरंजीवर बसल्या आणि माझ्या झाकणावर कागद ठेवून लिहू लागल्या. इतकी वर्षं मी नुसतं ओझं वाहिलं होतं. त्या दिवशी मी टेबल झाले आणि मला फार अभिमान वाटला.

दुपारपर्यंत त्यांची पाठ भरून आली.

"बाबा, फाईलची साडेआठशे पानं आहेत," त्या म्हणाल्या. "नाही झालं तर?"

"मंग नाही होणार," तुळशीराम भाजी चिरत म्हणाले. "पण अर्धं लिहून सोडशीन त काही उपेग नाही. मधात गाडी सोडून उतरलेला गार्ड मी आजवर पाह्यला नाही."

"मी गार्ड नाही, बाबा."

"हव, माहीत आहे मले. जेवून घे पहिले."

त्या जेवल्या आणि पुन्हा लिहायला बसल्या. रविवारी संध्याकाळी निकालाचं चाळिसावं पान संपलं. गावच्या दोन म्हाताऱ्यांची साक्ष, रेशनकार्ड, मालधक्क्याच्या नोंदवहीत नत्थूने वारस म्हणून लिहिलेलं मीराबाईंचं नाव, सगळं त्यांनी एकेक तपासून लिहिलं होतं. प्रत्येक पानावर सही केली आणि मला कुलूप लावलं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते खोटं नाही. सोमवारी साडेदहाला आम्ही न्यायालयात पोचलो, तर टेबलावर बिलासपूरचा फॅक्स. जगदलपूरची जागा रिकामी पडली आहे, आज सकाळीच कारभार सोडावा आणि निघावं.

मीराबाई बाहेर बाकावर येऊन बसल्या होत्या. त्या नेहमीच लवकर येत. हरिदास दारातून त्यांच्याकडे बघून ताईंजवळ आला.

"मॅडम, आत्ताच वाचून टाका न. बाई आलीच आहे."

"आणि शंकर? त्याचा वकील? त्यांना मी दोन वाजता बोलावलं आहे. त्यांच्या पाठीमागे वाचू?"

"त्याने नऊ वर्षं काहून लांबवलं मंग?"

"त्याने लांबवलं म्हणून मी घाई करायची नाही, हरिदास."

मित्रांनो, मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. गाडी फलाटाला लागलेली, बाई समोर बसलेली, आणि या म्हणतात दोन वाजायचे आहेत. आज विचार करते तेव्हा वाटतं की त्यांचंच बरोबर होतं, पण त्या सकाळी मला तसं मुळीच वाटलं नाही. त्यांनी फाईल माझ्यातून काढली, निकाल लिफाफ्यात घालून लाखेने बंद केला, वर दाव्याचा क्रमांक घातला आणि कारभाराच्या यादीत नोंद केली : निकाल लिहिलेला व सही केलेला आहे, सुनावणे बाकी. अकराला सही करून त्या बाहेर पडल्या. बसमध्ये मला जागा नव्हती. 'पेटी मागून पाठव,' एवढं हरिदासला सांगून गेल्या. बाकाजवळून जाताना त्यांनी मीराबाईंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना थांबून काहीतरी बोलावं लागलं असतं.

दुपारी दोन वाजता मीराबाईंना पुढची तारीख मिळाली. मॅडम गेल्या हे त्यांना कळलं. पदराने तोंड पुसलं आणि उठल्या. हरिदास त्यांना समजावत होता की लिफाफा आहे, पण त्यांना नऊ वर्षांचा अनुभव होता. त्या तशाच चालू लागल्या.

तेरा दिवसांनी नवे साहेब आले. वयाने लहान, चष्मा, आवाज बारीक. मी मनात म्हटलं, झालं, आता हे पहिल्यापासून सुरू करणार. दावा पुकारला गेला. शंकरचा वकील लगेच उभा राहिला आणि म्हणाला, साहेबांनी हे प्रकरण ऐकलेलं नाही, तेव्हा आम्हाला पुन्हा भाषण करायचं आहे.

नव्या साहेबांनी लिफाफा उचलून सगळ्यांना लाख दाखवली.

"आधीच्या न्यायाधीशांनी निकाल लिहून, सही करून ठेवला आहे," ते म्हणाले. "असा निकाल मला वाचावाच लागतो, तसा नियमच आहे. त्यात माझं मत कोणी विचारलेलं नाही. बसा."

वकील बसला. साहेबांनी लाख फोडली आणि ताईंच्या अक्षरातला निकाल वाचू लागले. न्यायालयाची हिंदी अवघड असते, पण एक वाक्य सगळ्यांना समजलं. मीराबाई ही मयत नत्थूची लग्नाची पत्नी होती, हे सिद्ध झालं आहे. पुढे खोलीचा ताबा तीस दिवसांत देण्याचा हुकूम होता.

वाचून झालं तेव्हा मीराबाई उभ्या होत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "ते लग्नाचं जे लिहिलं आहे न, तेवढं अजून एकदा वाचता का?"

त्यांच्या वकिलाने पुन्हा त्यांचा हात ओढला. नव्या साहेबांनी त्याला थांबवलं, पानं मागे उलटली आणि ते वाक्य पुन्हा वाचलं, आधीपेक्षा मोठ्या आवाजात. मागच्या बाकांवर या वेळी कोणी हसलं नाही.

शंकर वरच्या न्यायालयात गेला, पण तिथे त्याला स्थगिती मिळाली नाही. महिन्याभराने कुलूप निघालं. मशीन गंजून अडकलं होतं. हरिदास मीराबाईंच्याच पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहतो. त्याने तीन दिवस रॉकेल आणि तेल घालून चाक सोडवलं, असं तो न्यायालयात सगळ्यांना सांगत होता. ते ऐकून मला जे वाटलं ते तुम्हाला कळेल.

त्याच आठवड्यात मला जगदलपूरला नेणारा टेम्पो आला. मीराबाई निकालाची नक्कल घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या हातात कापडाची एक घडी होती.

"हे पेटीले घाला," त्या हरिदासला म्हणाल्या. "खोळ शिवली आहे. धूळ नाही बसणार."

"नाही चालत, बाई. पक्षकाराचा दोराही मॅडम घेणार नाही. वापस पाठवतीन."

"मंग निरोप सांगजा. एवढंच सांगा का मिशीन चालू झाली."

"निरोपही नाही नेता येत. तुमचं प्रकरण वर चालू आहे न अजून."

मीराबाईंनी घडी काखेत धरली. मग वाकून माझ्या झाकणावरची धूळ पदराने पुसली आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मिशीन चालू झाली, मॅडम."

मित्रांनो, हातातलं काम अर्धं टाकून कुठे जाऊ नका. जावंच लागलं तर मागून येणाऱ्याला पुढे नेता येईल असं पुरं लिहून ठेवा. आणि घरात एखादं जुनं यंत्र, एखादी पेटी कोपऱ्यात पडली असेल तर तिला आठवड्यातून एकदा तेल द्या. आता मी जगदलपूरला ताईंच्या खोलीत भिंतीशी असते. त्या रोज माझं झाकण उघडतात, पुस्तक काढतात, झाकण लावतात. मला बोलता येत नाही. तो निरोप अजून माझ्याजवळच आहे.