अर्धी सीट

"रोज बसता तसे बसा," हर्षला मॅडम म्हणाल्या.

साईनाथ बसला. पाय जुळवून, छाती पुढे काढून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. लग्नात फोटोला बसतात तसा. दवाखान्याच्या त्या खुर्चीत इतका ताठ माणूस त्या दिवशी दुसरा बसला नसेल.

व्यायाम शिकवणाऱ्या त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन्ही बाजूंनी न्याहाळलं. "छान बसता की. मग मान कशाने दुखते?"

"तेच तर इचारायला आलोय," साईनाथ म्हणाला.

लोधिवली ते मोहोपाडा रिक्षा चालवत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण हल्ली डाव्या खांद्यामागून निघालेली कळ मानेत चढायची आणि दुसरी उजव्या कमरेतून पायात उतरायची. क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे. बायकोने, जयवंताने, तेल चोळून झालं, गरम विटेचा शेक देऊन झाला. कुणी सांगितलं म्हणून तो गादी सोडून फरशीवर झोपला, तर सकाळी उठवायला दोघं लागली. मानेला पट्टा बांधला तेव्हा कंपनीत जाणाऱ्या बायका मागून म्हणाल्या, "दादा, नवरदेवावानी ताठ नका बसू, निदान इकडंतिकडं बगा तरी."

शेवटी मेव्हण्याने एका फार्महाऊसवर वॉचमनची नोकरी बघितली. गेटवर बसायचं, गाडी आली की सलाम ठोकायचा.

"इका ती रिक्षा," जयवंता म्हणाली. "मानूस धड ऱ्हायला पायजे."

साईनाथ हो म्हणाला खरा, पण त्याला रिक्षा सोडायची नव्हती. दिवसभर गेटवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची तोंडं बघायच्या विचारानेच त्याला रडू यायचं. दिवाळीपर्यंत बघू, असं सांगून त्याने मेव्हण्याला थोपवलं होतं.

मॅडमनी हनुवटी मागे घ्यायचा व्यायाम दिला. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवायला सांगितली. पहिले काही दिवस बरं वाटलं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. वैतागून तो परत दवाखान्यात गेला.

"मॅडम, हनुवटी मागं घेऊन घेऊन मी पार कोंबड्यावानी दिसाय लागलो. दुकनं हाय तितंच हाय."

त्या हसल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "रिक्षा आणलीय ना? चला, मला एक चक्कर मारून आणा."

त्या मागे बसल्या. साईनाथने रिक्षा रस्त्यावर काढली. पहिल्या वळणाच्या आतच त्या म्हणाल्या, "थांबा, थांबा. काका, तुम्ही सीटवर बसलाच नाही आहात."

"म्हंजे?"

"अर्धे बाहेर लटकताय. डाव्या हाताला एवढी जागा कुणासाठी ठेवलीय?"

साईनाथने डावीकडे बघितलं. उजव्या कडेचं रेक्झिन दबून पार पत्र्याला टेकलं होतं आणि डावी बाजू फुगलेली, कोरी. कुनासाठी नाय, असं तो म्हणणार तोच त्याला आठवलं.

सुरभी पाचवीत मोहोपाड्याच्या शाळेत जायला लागली, तेव्हाची गोष्ट. मागे कंपनीच्या बायकांनी सीट भरलेली, म्हणून लेक पुढे, बापाच्या डाव्या हाताला. तिला जागा करून द्यायला तो उजवीकडे सरकला. पोरगी वाढत गेली, तो सरकत गेला. बारावीपर्यंत ती तिथेच बसली; पाढे म्हटले, भांडली, परीक्षेच्या भीतीने रडलीसुद्धा. मग पुण्याला गेली, शिकली, तिकडेच नोकरीला लागली. शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी मधे बसला असता. आमचा साईनाथ सरकलाच नाही. कुणी पुढे बसायला आलं की पोलिसांचं नाव सांगून त्याला वाटेला लावायचा आणि रिकाम्या जागेशेजारी वर्षानुवर्षं अर्ध्या बुडावर बसून रिक्षा हाकायचा.

"लेक बसायची," तो म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत. "आता ती कुठे असते?"

"पुन्यात. नोकरीला हाय."

"मग सरका मधे."

तो सरकला. दुसऱ्याच्या ताटात हात घातल्यासारखं वाटलं त्याला. पण हँडल सरळ झालं, दोन्ही खांदे एका पातळीत आले आणि कमरेमागची ती गुंडाळी पहिल्यांदाच जागेवर लागली.

सवय काय लगेच सुटते होय? नकळत तो पुन्हा कडेला जायचा. जयवंता रोज सकाळी दारात उभी राहून ओरडायची, "मधी!" हळूहळू कळा ओसरल्या. दसऱ्याला रिक्षाची पूजा करताना तो वाकला आणि कण्हल्याशिवाय उठला. त्याच दिवशी त्याने मेव्हण्याला फोन करून सांगितलं, नोकरी दुसऱ्या कुणाला तरी दे.

"बरं झालं," जयवंता म्हणाली. "न्हायतर दिसभर गेटवर कंटाळून, घरी येऊन माजंच डोकं खाल्लं असतं."

दिवाळीला सुरभी आली. तिची बस त्यांच्या फाट्यावर थांबणार नव्हती, म्हणून तो तिला आणायला खालापूरला गेला. तिने बॅग मागे टाकली आणि सवयीने पुढे आली.

"बाबा, सरका की."

तो जरासा उठलाही. मग तसाच पुन्हा मधे बसला.

"मागं बस, बाय."

"मागं? मी?"

"कंबर धरते गं. मधीच बसाय सांगितलंय."

सुरभीने त्याच्याकडे बघितलं, मग सीटच्या दबलेल्या उजव्या कडेकडे. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळं दुखत होतं?"

"छ्या. तुज्यामुळं कशाला? तू तर कदीच उतरलीस. मलाच कळाय उशीर झाला."

 त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवून ती मागे जाऊन बसली, कुठल्याही पॅसेंजरसारखी.  रिक्षा सुरू करायला त्याने थोडा वेळच घेतला.

रस्त्याला लागल्यावर ती मागून पुण्याचं काहीबाही सांगत राहिली. अर्धं त्याला ऐकू आलं, अर्धं वाऱ्यावर गेलं. तरी तो हूं हूं करत होता. मग आवाज बंद झाला. त्याने रिक्षा कडेला घेतली आणि मागे वळून बघितलं. मान पूर्ण वळली, कुठेच दुखली नाही. बॅगेवर डोकं टाकून सुरभी गाढ झोपली होती.

पुढच्या स्पीडब्रेकरवरून त्याने रिक्षा हळूच नेली, आधी पुढचं चाक, मग मागची दोन.