पहिला मान आबांचा

रॉकेलच्या डब्याचं तोंड कापताना पत्रा निसटला आणि गंगाधरपंतांच्या अंगठ्यात शिरला.

"जन्मभर वांड पोरं सरळ केली, हा पत्रा मात्र ऐकत नाही," म्हणत त्यांनी धोतराचा सोगा बोटाला गुंडाळला आणि मुलीला, सुनेत्राला, घेऊन लोणावळ्याच्या बाजारातल्या केशवराव डॉक्टरांचा दवाखाना गाठला.

नंबर त्यांचाच होता. तेवढ्यात वलवणचे महिपतीआबा काठी टेकत आले. त्यांचा पाय महिनाभर चिघळलेला.

"आधी आबांचं बघा." गंगाधरपंत उठून उभे राहिले.

"मास्तर, तुमी लय मान देता बगा."

डॉक्टरांनी आबांच्या पायातला पू काढला, चिमटा ताटलीतल्या पाण्यात बुचकळला आणि तोच अंगठ्याच्या जखमेत घातला. सुनेत्रा मुलींच्या शाळेत शिकवायची. हत्यार उकळावं, स्वच्छ जखम आधी बांधावी, हे तिनं पुस्तकांतून कितीदा वाचलं होतं. पण केशवकाका अण्णांचे, तिच्या वडिलांचे, जुने स्नेही. लहानपणी तिला कडेवर घेऊन फिरलेले. तिनं बाकाची कड घट्ट धरली. परतताना अण्णांनी शेंगा घेतल्या, आणि सोलायचं काम तेवढं तिच्याकडे दिलं.

दोन दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला. आठवडा सरायच्या आत अण्णा गेले.

तेरावं उरकल्यावर औषधाची रिकामी बाटली परत करायला ती दवाखान्यात गेली. बाकावर कस्तुराबाई बसली होती. गवत कापताना विळा लागून तिचा तळहात उघडा पडला होता. आबा दारात दिसताच ती सवयीनं उठली.

"या आबा, बसा. माज्या हाताला काय घाई न्हाई."

डॉक्टरांनी चिमटा उचलला. सुनेत्रा मध्ये येऊन उभी राहिली.

"आधी कस्तुराबाई. आणि चिमटा उकळून."

"सुनेत्रा, तू दुःखात आहेस. बस जरा."

"दुःखात आहे. पण बसणार नाही. स्टोव्ह कुठे आहे?"

"अगं, वीस वर्षं याच हातांनी माणसं बरी केली मी."

"केलीत. जी परत आलीच नाहीत, त्यांचं काय झालं ते कधी विचारलंत, काका?"

डॉक्टरांनी चिमटा परत ताटलीत ठेवला. कस्तुराबाई हळूच पुन्हा बाकावर टेकली.

आबांनी काठी आपटली. "पोरी, तुज्या बापानं मला कदी मागं बसवलं न्हाई!"

तेरा दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती 'देवाची मर्जी' म्हणत आली होती. आता तिनं हातातली बाटली टेबलावर ठेवली आणि आबांकडे सरळ पाहिलं.

"बसवलं असतं, तर आज ते असते, आबा."